घोड्याची पाठ काय सांगते?

मित्रांनो, एक सांगा पाहू. पाठीवर अगदी मधोमध, जिथं वरूनही हात पोचत नाही आणि खालूनही नाही, नेमकी तिथंच खाज सुटली तर तुम्ही काय करता? कंपासमधली पट्टी काढता? दाराच्या चौकटीला पाठ घासता? की धाकट्या भावाला हाक मारता, "ए, जरा खाजव ना! तिथं नाही रे, वर... अजून थोडं वर... हां, तिथ्थंच!"

आता घोड्याचा विचार करा. त्याच्याजवळ ना पट्टी, ना हात. शेपूट आहे, पण ती पुढं खांद्यापर्यंत पोचत नाही. मग बिचारा काय करतो? तोही भावालाच हाक मारतो, बरं का!

दोन घोडे अंगाला अंग भिडवून उभे राहतात. एकाचं तोंड पूर्वेला, तर दुसऱ्याचं पश्चिमेला. मग मान जिथं पाठीला मिळते, त्या उंचवट्यावर दोघंही एकमेकांना पुढच्या दातांनी हळूहळू खाजवत राहतात. 'तू माझी खाजव, मी तुझी खाजवतो.' अगदी रोखठोक व्यवहार! डोळे अर्धवट मिटलेले, खालचा ओठ सैल लोंबतोय, असा त्यांचा थाट पाहिला की आपल्यालाही झोप येते.

आता ही नुसती खाज भागवणं आहे, की आणखी काही? फ्रान्सच्या दक्षिणेला कामार्ग नावाचा दलदलीचा प्रदेश आहे. तिथल्या पांढऱ्या घोड्यांवर दोन संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. घोडे एकमेकांना जिथं खाजवतात, त्याच जागी त्यांनी हातानं खाजवलं आणि घोड्याच्या हृदयाचे ठोके मोजले. ठोके चक्क मंदावले! मग घोडे सहसा खाजवत नाहीत अशा दुसऱ्या जागी खाजवलं. तिथं असा परिणाम दिसला नाही. १९९३ साली हा प्रयोग छापून आला. म्हणजे घोड्याच्या अंगावर अशा काही जागा आहेत, की तिथं हात फिरवला की तो आतून शांत होतो.

पण शांत करणं वेगळं आणि दुखणं ओळखणं वेगळं. या दुसऱ्या गोष्टीचा धडा मी पुस्तकातून शिकले नाही. तो मला माझ्याच एका चुकीतून मिळाला. ती चूक आज तुम्हांला सांगते.

राजा नाठाळ नव्हता

आमच्या चौथीच्या वर्गाची सहल माथेरानला गेली होती. तुमच्यापैकी कितीतरी जण माथेरानला जाऊन आले असतील. आपल्या मोटारी दस्तुरी नाक्यालाच थांबतात. पुढं लाल मातीच्या वाटेनं पायी जा, नाहीतर घोड्यावर बसा. आम्ही अर्थातच पायी निघालो. पण परतताना वर्गातल्या एका मुलीचा पाय मुरगळला. तिला चालवेना. म्हणून मी एक घोडा ठरवला. तांबड्या रंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला. नाव राजा.

घोडेवाले काका पुढच्या घोड्याबरोबर होते. त्यांच्या सतरा-अठरा वर्षांच्या पुतण्यानं घाईघाईनं राजावर खोगीर चढवलं. पोटाखालून जो पट्टा आवळतात ना, त्याला तंग म्हणतात. तो तंग आवळताच राजानं दोन्ही कान मागं पाडले. शेपटी फटकारली. मान वळवून स्वतःच्याच पाठीकडे पाहिलं. मुलगी वर बसली, तेव्हा तो क्षणभर पाठ खाली दाबून उभा राहिला.

आणि मी काय म्हणाले असेन? "अहो, किती नाठाळ घोडा आहे हा!"

सगळी मुलं हसली. राजा मात्र मुकाट्यानं चालू लागला. तासाभरात आम्ही नाक्यावर पोचलो. मुलगी उतरली. काकांनी खोगीर काढलं आणि ते एकदम गप्प झाले.

खोगिराखाली जाड लोकरी कापड घालतात, त्याला नमदा म्हणतात. त्या नमद्याला एक घडी पडली होती. आपल्या मोज्याला चुणी पडली की कसा फोड येतो? तसंच. घडीच्या खाली, पाठीच्या डाव्या बाजूला, पुरीएवढी जागा सुजून गरम झाली होती. काकांनी तिथं बोट नुसतं टेकवलं, तर राजाची सगळी पाठ थरथरली.

त्याच्या पाठीवर आणखीही काही होतं. तांबड्या केसांत चार-पाच पांढरे ठिपके. एक मुलगा म्हणाला, "बाई, बघा ना, याच्या पाठीवर चांदण्या आहेत!"

काका म्हणाले, "चांदण्या नाय रं बाळा त्या. जुन्या जखमा हायत. खोगीर लागून लागून कातडी दुखावली, का मग तिथं केस पांढरंच येतात. मी याला घेतला त्याच्या आधीच्या हायत या."

पाय मुरगळलेली मुलगी रडवेली झाली. "काका, माझ्यामुळं दुखलं का हो त्याला?"

"तुझ्यामुळं नाय गं पोरी. घडी ऱ्हायली, तिच्यामुळं. पण तो सांगत हुता. आपण कुणी ऐकलं नाय."

'आपण' म्हणाले ते. पण पुतण्याची मान खाली गेली आणि माझीही. कान, शेपूट, मान, पाठ, चार-चार वेळा राजानं सांगितलं होतं. आणि मी, रोज मुलांना 'लक्ष देऊन ऐका' म्हणणारी बाई, त्याला नाठाळ म्हणून मोकळी झाले होते!

दुसरा दिवस रविवार. रविवारी माथेरानला केवढी गर्दी! घोडेवाल्यांची आठवड्याची कमाई त्या दोन दिवसांतच होते. पण काकांनी पुतण्याला सांगितलं, "राजाला उद्या आनि परवा खोगीर नाय. डॉक्टरला दाखवू, मंग बघू." दोन दिवसांची मजुरी गेली. तरी त्यांनी एका शब्दानं कुरकुर केली नाही.

काकांचे हात

पुढचा अर्धा तास आम्ही सगळे तिथंच बसून पाहत राहिलो. काकांनी आधी सुजेवर गार पाण्याची फडकी ठेवली. तिथं चोळलं मात्र नाही. "दुखऱ्या जागंला चोळायचं नसतं," ते म्हणाले. मग त्यांनी खरारा घेतला.

खरारा म्हणजे घोड्याचं अंग घासायचा दातेरी ब्रश. हा शब्द आपल्या मराठीत जुना आहे. घोड्याला खरारा केल्यानं धूळ आणि सुटलेले केस निघतात, घाम वाळून झालेली खपली निघते. पण आणखीही एक काम होतं. खरारा करणाऱ्या माणसाचे डोळे आणि हात रोज घोड्याच्या सगळ्या अंगावरून फिरतात. कुठं सूज आली, कुठं गरम लागतंय, कुठं काटा रुतलाय, हे त्याला सगळ्यात आधी कळतं.

काका दुखरी जागा सोडून बाकीच्या अंगाला खरारा करत होते. मग तो ठेवून त्यांनी नुसते तळवे वापरले. मानेपासून सुरुवात. मग खांदा. मग पाठीच्या उजव्या बाजूनं मागं. प्रत्येक ठिकाणी थोडं थांबायचे, राजाच्या तोंडाकडे पाहायचे, मग पुढं जायचे. मानेच्या बुडाशी अंगठ्यानं गोल गोल चोळायला लागले, तशी राजाची मान हळूहळू खाली आली. कान दोन्हीकडे सैल पडले. त्यानं मोठ्ठा सुस्कारा सोडला आणि जबडा चघळल्यासारखा हलवला.

"आता बरं वाटतंय त्याला," आमची मुलगी हळूच म्हणाली. तिनंही वाचायला शिकायला सुरुवात केली होती!

जुनी विद्या

घरी आल्यावर मी या विषयाच्या मागंच लागले. तेव्हा कळलं, की काकांच्या हातातली विद्या फार जुनी आहे.

ग्रीस देशात झेनोफन नावाचा एक सेनानी आणि लेखक होऊन गेला. त्यानं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोडेस्वारीवर एक पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो, की घोड्याच्या कण्यावर कुठलंही अवजार वापरू नये. तिथं हातानंच, केस ज्या दिशेला वळतात त्या दिशेनं चोळावं. किती बारीक विचार, नाही का?

आपल्याकडे घोड्यांच्या वैद्यकाचा आद्य आचार्य म्हणून शालिहोत्र ऋषींचं नाव घेतात. त्यांच्याच नावावरून उत्तर हिंदुस्थानात घोड्याच्या वैद्याला 'सलोतरी' म्हणू लागले. आणि महाभारतातला नकुल आठवतो ना? अज्ञातवासात तो ग्रंथिक हे नाव घेऊन विराट राजाच्या घोड्यांची देखभाल करायला राहिला होता.

बरं, एवढं लांब कशाला जायचं? तुमच्यापैकी जे खेडेगावात राहतात, त्यांनी पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदेमळणी पाहिली असेल. वर्षभर जू ओढून ओढून बैलाचे खांदे कडक झालेले असतात. त्या दिवशी त्यांना तूप किंवा लोणी आणि हळद लावून ते मळतात. बैलासाठी जसं जू, तसं घोड्यासाठी खोगीर. ओझं जिथं टेकतं, तिथं दुखतं. आणि जिथं दुखतं, तिथल्या दुखण्याची आठवण ठेवायची, हे आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

घोड्याचं अंग कसं असतं?

आता एक गंमत करून पाहा. गळ्याच्या खाली बोटं फिरवा. दोन्ही बाजूंना खांद्यापर्यंत गेलेलं एकेक आडवं हाड लागतंय? या हाडांनी आपले हात छातीच्या सांगाड्याला जोडलेले असतात. घोड्याला ही हाडं नसतातच! त्याचे पुढचे दोन पाय धडाला हाडांनी जोडलेलेच नाहीत. त्याचं धड दोन पायांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत टांगल्यासारखं असतं. आणि शरीराचा सुमारे साठ टक्के भार याच पुढच्या पायांवर असतो. म्हणजे खांद्याच्या स्नायूंना केवढं काम!

त्यात आपण बसतो पाठीवर. घोडा काही माणसानं पाठीवर बसावं म्हणून जन्माला आलेला नाही. आपलं वजन त्याच्या कण्याच्या दोन्ही बाजूंच्या लांब स्नायूंवर येतं. खोगीर नीट बसलं, तर वजन पसरतं. नाही बसलं, तर एकाच जागी बोचतं. तिथलं रक्त वाहणं कमी होतं, स्नायू आखडतो. पाठ दुखते म्हणून घोडा अंग चोरून, आखडून चालतो. आणि मग पायही दुखू लागतात.

त्याची कातडी किती हळवी असते माहीत आहे? अंगावर माशी बसली, तर तेवढीच जागा थरथरवून तो तिला उडवतो. ज्याला माशीचे पाय कळतात, त्याला आपल्या टाचा कळत नसतील?

आणि तरीही घोडा ओरडत नाही. कुत्रा दुखलं की केकाटतो. घोडा मात्र सहसा गप्प राहतो. रानात त्याच्या मागावर लांडगे, वाघ-सिंह असायचे. जो घोडा 'मला दुखतंय' असं दाखवील, तोच आधी पकडला जाणार. म्हणून दुखणं लपवायची सवय त्याच्या रक्तातच आहे. त्याचं दुखणं कळायला आपल्यालाच डोळे आणि हात वापरावे लागतात.

नवी विद्या

गेल्या पन्नास-साठ वर्षांत परदेशांत या कामाचं रीतसर शास्त्र करायचा प्रयत्न चालला आहे. अमेरिकेत जॅक मीगर नावाचे एक गृहस्थ खेळाडूंना मालीश करत. त्यांच्या मनात आलं, घोडाही खेळाडूच की! मग त्यांनी शर्यतीच्या आणि उड्या मारणाऱ्या घोड्यांना मालीश करायला सुरुवात केली. १९७६ सालच्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकच्या वेळी अमेरिकेच्या घोड्यांवर त्यांनी काम केलं होतं.

कॅनडात जन्मलेल्या लिंडा टेलिंग्टन-जोन्स यांची पद्धत वेगळी आहे. मोशे फेल्डेनक्राइस नावाचे एक शिक्षक माणसांना अंगाच्या सावकाश, हलक्या हालचाली शिकवत. लिंडाबाई १९७५ साली त्यांच्या वर्गात दाखल झाल्या आणि तेच घोड्यांवर कसं करता येईल याचा विचार करू लागल्या. त्यांच्या पद्धतीत जोरानं दाबायचं नाही. बोटांच्या टोकांनी कातडी हलकेच सरकवत सव्वा वर्तुळ काढायचं. सव्वा कसं? डोळ्यांसमोर घड्याळ आणा. सहाच्या आकड्यावर बोटं ठेवा. काट्याच्या दिशेनं पूर्ण फेरी मारून पुन्हा सहावर या. आणि मग आणखी पाव फेरी, नऊपर्यंत. झालं सव्वा वर्तुळ! मग हात उचलून शेजारी दुसरं.

तिसरी युक्ती तुम्हांला सगळ्यात जास्त आवडेल. ती आहे गाजराची! घोड्याच्या तोंडापुढं गाजर धरायचं आणि हळूहळू त्याच्या बरगड्यांकडे न्यायचं. गाजराच्या आशेनं तो स्वतःच मान वळवतो. मग गाजर पुढच्या पायांच्या मध्ये न्यायचं. तो मान खाली घालून पाठ उचलतो. म्हणजे आपल्या शाळेतली कवायतच की! २०११ साली छापून आलेल्या एका अभ्यासात आठ घोड्यांकडून तीन महिने अशी कवायत करून घेतली होती. सोनोग्राफीनं पाहिलं, तर कण्याला आधार देणारे आतले स्नायू जाड झाले होते.

याशिवाय कुणी घोड्याला चिनी पद्धतीनं सुया टोचतात. कुणी पाण्यात चालवतात. बाजारात चुंबकं शिवलेल्या झुलीही मिळतात.

खरंच गुण येतो का?

आता कान टवकारा, कारण हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे.

१९७६ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या घोडेस्वारांनी तीन दिवसांच्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. मग कुणी म्हणेल, "बघा, मालीश केलं म्हणून जिंकले!" पण तसं म्हणता येईल का? घोडे चांगले होते, स्वार चांगले होते, सराव भरपूर होता. मालीश केलं नसतं तर हरले असते, हे कसं ठरवणार?

आणखी एक गोष्ट ऐका. जर्मनीत बर्लिन शहरात हान्स नावाचा एक घोडा होता. त्याचे मालक माझ्यासारखेच शिक्षक होते. 'तीन अधिक दोन किती?' असं विचारलं, की हान्स खुरानं पाच वेळा ठोकायचा. सगळे थक्क! पण १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या अभ्यासकानं दाखवून दिलं, की हान्सला गणित येत नव्हतं. बरोबर आकड्याला पोचला, की विचारणाऱ्या माणसाचं डोकं नकळत किंचित हलायचं. हान्स ते पाहून थांबायचा. मालकांनी मुद्दाम फसवलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. एक, घोडा माणसाचं अंग किती बारकाईनं वाचतो! आणि दुसरी, आपल्याला जे दिसावंसं वाटतं, ते आपल्याला दिसू लागतं. घोड्यावर पैसे खर्च करून उपचार केले, की मालकाला वाटतंच, 'आता बरा चालतोय.' म्हणून नुसत्या वाटण्यावर विसंबायचं नाही, मोजून पाहायचं.

मोजून पाहिलं तर काय दिसतं? २००४ साली एक छोटा अभ्यास झाला. घोड्यांना सहा जागी मालीश केलं. हृदयाचे ठोके बहुतेक जागी कमी झाले. पण मानेवर, पाठीच्या सुरुवातीच्या उंचवट्यावर आणि पुठ्ठ्यावर सगळ्यात जास्त. म्हणजे घोडे एकमेकांना खाजवतात, बहुतेक त्याच जागा! मालीशनं घोडा शांत होतो, आखडलेला स्नायू सैल पडायला मदत होते, इथपर्यंत ठीक. सुया टोचण्याबद्दल अभ्यासकांचं अजून एकमत नाही. आणि चुंबकांच्या झुलींमुळंच गुण येतो, असं पक्कं काही दिसलेलं नाही.

मात्र मालीश म्हणजे औषध नव्हे. घोडा लंगडत असेल, ताप असेल, जखम वाहत असेल, तर चोळत बसायचं नाही. डॉक्टरांना बोलवायचं. विशेषतः पोटदुखी! घोड्याला आपल्यासारखी उलटी करता येत नाही, हे तुम्हांला माहीत होतं? म्हणून त्याची पोटदुखी जिवावर बेतू शकते. तो खुरानं जमीन उकरू लागला, पुन्हा पुन्हा पोटाकडे पाहू लागला, घामाघूम होऊन लोळू लागला, तर एक मिनिटही वाया घालवायचं नाही. त्या वेळी 'जरा पोट चोळून पाहू' म्हणणारा माणूस कितीही मायाळू असला, तरी घोड्याचं नुकसानच करतो.

तुम्ही काय कराल?

सहलीला गेलात आणि घोड्यावर बसायची हौस आली, तर बसा. पण बसण्याआधी दोन मिनिटं त्याच्याकडे पाहा.

आधी चेहरा पाहा. २०१४ साली युरोपातल्या काही संशोधकांनी घोड्याच्या चेहऱ्यावर दुखणं कसं उमटतं, त्याच्या सहा खुणा सांगितल्या. कान ताठ मागं वळलेले. डोळे अर्धवट मिटलेले. डोळ्यांवरचा भाग ताणून वर आलेला. गालाचे चावायचे स्नायू फुगून कडक झालेले. ओठ आवळलेले. नाकपुड्या ताणलेल्या. एखादी खूण क्षणभर दिसली म्हणून घाबरू नका, माशीमुळंही कान हलतो. पण दोन-तीन खुणा एकदम दिसल्या आणि तशाच राहिल्या, तर समजा, काहीतरी दुखतंय.

मग खोगीर पाहा. नमदा सपाट आहे का? तंग आवळताना घोडा चावायला वळतो का? पाठीवर, तंगाच्या जागी, पांढरे ठिपके आहेत का? शंका आली, तर घोडेवाल्या काकांना नीट, आदरानं विचारा. "काका, याची पाठ दुखतेय का? जरा बघता का?" भांडायचं नाही हं. बहुतेकांचं घोड्यावर पोट असतं आणि जीवही. आणि शंका फिटली नाही, तर बसू नका. घरी येऊन खुशाल सांगा, की आम्ही पायी आलो!

घोड्याला हात लावायचा असेल, तर आधी मालकाला विचारा. कधीही मागून जाऊ नका, लाथ बसेल. खांद्याच्या बाजूनं, त्याला दिसेल असं, हळूहळू जा. आणि तोंडावर थापट्या मारण्यापेक्षा मानेच्या बुडाशी हलकेच खाजवा. ती जागा आता तुम्हांला माहीत आहे.

घरी करून पाहा

घोडा सगळ्यांकडे नसतो, पण मित्र असतो ना? मनगटावर नाडी शोधा आणि एका मिनिटात किती ठोके पडतात ते मोजून वहीत लिहा. (आरामात उभ्या असलेल्या मोठ्या घोड्याचे ठोके मिनिटाला फक्त २८ ते ४४ असतात. तुमचे किती भरतात बघा!) मग मित्राला पाच मिनिटं तुमचे खांदे हलके दाबायला सांगा. पुन्हा मोजा.

कमी झाले? शाब्बास! पण थांबा, एवढ्यावर 'मालीशचा गुण' असं लिहू नका. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी नुसतेच पाच मिनिटं शांत बसा, कुणी खांदे दाबायचे नाहीत. पुन्हा मोजा. नुसतं बसूनही ठोके तेवढेच कमी झाले, तर मग? विचार करा, आणि वर्गात आपल्या बाईंशी किंवा सरांशी बोला.

जाता जाता राजाचं सांगते. चार महिन्यांनी मी घरच्यांबरोबर पुन्हा माथेरानला गेले. काका भेटले. राजाची सूज डॉक्टरांच्या औषधानं उतरली होती. डाव्या बाजूला मात्र एक नवा पांढरा ठिपका उमटला होता, बोराएवढा. पुतण्या खोगीर चढवत होता. नमदा अंथरला, त्यावरून दोन्ही तळवे दोनदा फिरवले, मग खोगीर ठेवलं. तंग एक भोक आवळला, राजाच्या कानांकडे पाहिलं, मग दुसरं भोक.

आणि आमच्या त्या मुलीनं वार्षिक परीक्षेत 'घोड्याचे आत्मवृत्त' लिहिलं. शेवटचं वाक्य होतं, 'माझ्या पाठीवरच्या पांढऱ्या खुणा चांदण्या नाहीत.' शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले.